शिक्षा झालेला खेळाडू परत येईल का? आणि तोवर क्लबला काय विचारायचं?

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांनाही संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात परत मांडते. तुम्ही उत्तर इंग्लंडमधल्या एका छोट्या गावात राहता, तिथल्या लीग टू (इंग्लिश फुटबॉलची चौथी पायरी) क्लबचं तुमचं आणि तुमच्या १४ वर्षांच्या मुलाचं सीझन तिकीट आहे, शिवाय मुलगा क्लबच्याच कम्युनिटी ट्रस्टच्या ट्रेनिंगला जातो. त्या क्लबच्या एका मिडफिल्डरला गेल्या महिन्यात बलात्काराच्या गुन्ह्यात ६ वर्षांची शिक्षा झाली. मुलाच्या जर्सीवर पाठीमागे नाव त्याचंच. सपोर्टरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये दोन तट पडलेत, एक म्हणतो पोराला अडकवलं, दुसरा म्हणतो याला जन्मभर मैदानात पाय ठेवू देऊ नका. आणि तुमचे प्रश्न तीन: केस चालू असताना तो खेळत कसा होता, ३ वर्षांनी सुटून परत इथेच खेळेल का, आणि मुलाला काय सांगू. शेवटी जाता जाता, त्याचं ट्रेनिंग बंद करू का, हेही.

मी इथे प्रोबेशनमध्ये बरीच वर्षं काम केलंय, त्यातलं बहुतेक काम लैंगिक गुन्ह्यात शिक्षा भोगून बाहेर आलेल्या पुरुषांवर देखरेखीचं. पूर्णवेळ व्यावसायिक खेळाडू माझ्याकडे कधी आला नाही, पण नोकरी करून शनिवारी पैसे घेऊन खेळणारे आले. तुमच्या खेळाडूची केस मला माहीत नाही, त्यामुळे त्याच्याबद्दल मी काही बोलणार नाही, असल्या केसमध्ये यंत्रणा कशी चालते तेवढं सांगते.

आधी एक सांगून टाकते. तुम्ही कायद्याबद्दल विचारलंय, पण तुमची खरी काळजी मला वेगळी वाटते. कायदा त्या माणसाचं बघून घेईल, बऱ्यापैकी घट्ट बघतो. पण ज्या क्लबच्या हाती तुम्ही दर आठवड्याला पोरगं सोपवता, तो क्लब त्या सगळ्या काळात काय करत होता आणि पुढे काय करणार, हे तुम्हाला कोणी सांगितलेलं नाही. आणि ते कायद्यात फारसं कुठे लिहिलेलंही नाही, ते क्लबवरच सोडलेलं आहे. माझं सगळं उत्तर याच अंगाने जाणार आहे.

आता पहिला प्रश्न, खेळत कसा होता. अटक आणि निकाल यांच्यामध्ये इथे सहज दोन-दोन वर्षं जातात, कधी जास्तच, क्राउन कोर्टात केसेस इतक्या तुंबल्यात. या काळाचे दोन टप्पे असतात. चार्ज लागेपर्यंत, म्हणजे औपचारिक आरोप ठेवला जाईपर्यंत, नाव साधारणपणे बाहेर येत नाही, ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये सांगितलं की पोलिस तपास चालू असलेल्या माणसाला चार्ज लागेपर्यंत खाजगीपणाची अपेक्षा ठेवता येते, त्यामुळे पेपरवाले जपून असतात. म्हणजे तुम्ही स्टँडमध्ये बसून टाळ्या वाजवत होता तेव्हा तुम्हाला माहीत नव्हतं यात तुमचा काही दोष नाही. चार्ज लागला की नाव उघड होतं, पण तेव्हाही तो कायद्याने निर्दोषच असतो, आणि क्लबचा तो नोकर असतो, नुसत्या आरोपावरून नोकरीतून काढलं तर क्लबच कोर्टात उभा राहील. क्लबला करता येण्यासारखी गोष्ट म्हणजे पूर्ण पगारावर बाजूला बसवणं. हे शिक्षा म्हणून करत नाहीत, तपास होईपर्यंत सगळ्यांच्याच भल्याचं म्हणून करतात, शाळेतल्या शिक्षकावर आरोप झाला तर इथे हेच होतं. पण लीग टूच्या क्लबला न खेळणाऱ्या माणसाचा पगार जड जातो, संघ खालच्या नंबरांवर असला की मॅनेजरला तो हवाच असतो, आणि मग "कोर्ट ठरवेल" असं म्हणून त्याला खेळवतात. "कोर्ट ठरवेल" हे वाक्य खरंच आहे, पण कोर्ट फक्त गुन्हा ठरवतं, या शनिवारी तुमच्या संघात कोण असावं हे कोर्ट ठरवत नाही.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण खालच्या लीगमधलं नाही, पण सांगते. ॲडम जॉन्सन, संडरलंडचा, इंग्लंडकडून खेळलेला. मार्च २०१५ मध्ये १५ वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात अटक झाली, क्लबने थोडे दिवस सस्पेंड केलं आणि परत घेतलं, तो जवळजवळ वर्षभर खेळत राहिला. फेब्रुवारी २०१६ मध्ये खटल्याच्या पहिल्याच दिवशी त्याने दोन आरोप मान्य केले आणि तेव्हा कुठे क्लबने काढलं. पुढे ६ वर्षांची शिक्षा झाली. मग बाहेर आलं की क्लबच्या मुख्य कार्यकारी अधिकारी बाईंकडे पोलिस मुलाखतीची कागदपत्रं आणि त्याने मुलीला पाठवलेले मेसेज कितीतरी महिने आधीच पोचले होते. त्यांना राजीनामा द्यावा लागला. एवढ्या मोठ्या क्लबमध्ये, वकिलांची फौज असताना हे झालं, तर तुमच्या क्लबमध्ये जिथे सेफगार्डिंग, म्हणजे मुलांची सुरक्षितता, बघणारा माणूस कदाचित आणखी दोन टेबलंही सांभाळत असेल, तिथे काय झालं असेल ते विचारायला हवं. आरोप म्हणून नको, पण विचारायला हवं.

दुसरा प्रश्न मोठा आहे.

३ वर्षांचा हिशोब सरळ धरू नका. पूर्वी ठराविक मुदतीच्या शिक्षेत निम्म्यावर सुटका व्हायची. मग २०२० मध्ये ७ वर्षं किंवा जास्त शिक्षा झालेल्या गंभीर गुन्हेगारांसाठी ती दोन तृतीयांश केली, आणि २०२२ च्या कायद्याने बलात्कारासारख्या गुन्ह्यात ४ वर्षं किंवा जास्त शिक्षा असली की तीच दोन तृतीयांश. त्या हिशोबाने ६ वर्षांत ४ वर्षं आत. पण तुरुंग भरून वाहतायत, सरकारं हे आकडे सारखे हलवत असतात, त्यामुळे नक्की तारीख त्या वेळच्या कायद्यावर ठरेल. उरलेली शिक्षा माफ होत नसते, ती तो बाहेर लायसन्सवर भोगतो, म्हणजे अटी मोडल्या की परत आत.

लायसन्सवर बाहेर आलेला माणूस म्हणजे काय हे लोकांना माहीत नसतं म्हणून जरा खोलात सांगते. कुठे राहायचं ते प्रोबेशन अधिकाऱ्याने मान्य केलं पाहिजे. कुठली नोकरी करायची तेही. देशाबाहेर जायचं तर परवानगी. गंभीर केसमध्ये पहिले काही महिने बहुतेकदा हॉस्टेल, ज्याला इथे अप्रूव्हड प्रिमायसेस म्हणतात, तिथे रात्रीचा कर्फ्यू असतो, साधारण रात्री ११ ते सकाळी ६, कोणाला जास्तही. आता तुम्ही फुटबॉलवाले आहात, तुम्हीच विचार करा. मंगळवारची मॅच पावणेआठला सुरू होते. दहाच्या आसपास संपते. घरची असली तर कसंबसं जमेल, पण तीच मॅच दोन-अडीचशे मैलांवर असेल तर बस पहाटे तीनला परत येते, नाहीतर हॉटेलात मुक्काम. माझ्याकडच्या एका माणसाचं हेच झालं होतं, अगदी खालच्या लीगचा, आठवड्याला थोडे पाउंड मिळायचे, पण त्याचं आयुष्य तेच. त्याने माझ्यासमोर टेबलावर सीझनचं वेळापत्रक पसरलं, त्यातल्या बाहेरच्या मॅचेस पिवळ्या पेनाने रंगवलेल्या, आणि एकेक करून विचारायला लागला, ही चालेल का, ही चालेल का. मी प्रत्येक ठिकाणी एवढंच विचारत होते, रात्री झोपणार कुठे, खोलीत कोण, मॅचनंतर बारमध्ये कोण कोण जातं, बसमध्ये दारू असते का. कारण त्याचा गुन्हा झाला होता तो असाच, संघाबरोबर बाहेर, हॉटेलात, पिऊन. त्याला वाटलं मी फुटबॉलच्या विरोधात आहे. मला फुटबॉलचं काही नव्हतं, मला त्या रात्रींचं होतं. शेवटी काम मिळालं ते एका गोदामात, दिवसपाळीचं, आणि खरं सांगायचं तर ते टिकलं.

परदेशाचा मुद्दा पण आहे. चेड एव्हान्स या खेळाडूला (याची पूर्ण गोष्ट पुढे येते, त्याची शिक्षा नंतर रद्द झाली) जानेवारी २०१५ मध्ये माल्टाच्या एका क्लबने बोलावलं होतं, न्याय मंत्रालयाने लायसन्सवरच्या माणसाला असं बाहेर जाऊन काम करता येणार नाही म्हणून अडवलं. आणि लायसन्स संपल्यावरही लैंगिक गुन्हेगारांचं रजिस्टर आहेच. ३० महिने किंवा त्याहून जास्त शिक्षा असली की पोलिसांकडची ही नोंद बेमुदत, १५ वर्षांनी फेरविचाराचा अर्ज करता येतो इतकंच. सुटल्यावर ३ दिवसांत नोंद, पत्ता बदलला की कळवा, बँकेचे तपशील द्या, पासपोर्टचे द्या, १८ वर्षांखालचं मूल असलेल्या घरात १२ तास थांबलात तर कळवा, देश सोडण्याआधी कळवा. प्री-सीझनला संघ स्पेनला निघाला तर याला आधी पोलिसांना सांगावं लागेल. त्यावर कोर्टाने सेक्शुअल हार्म प्रिव्हेन्शन ऑर्डर दिली असेल तर फोन, इंटरनेट, कोणाला भेटायचं याचेही निर्बंध. आणि पोलिस, प्रोबेशन, तुरुंग यांची एकत्र बैठक होते, मापा म्हणतात त्याला.

म्हणजे कायदा ढिला आहे असं अजिबात नाही. पण एवढं सगळं असूनही, त्याने फुटबॉल खेळू नये असं कुठल्याच कायद्यात नाही. हे लोकांना धक्कादायक वाटतं. क्लब विकत घ्यायला निघालेल्या मालकाला, डायरेक्टरला पात्रतेची चाचणी आहे, ठराविक गुन्ह्यात शिक्षा झालेली असेल तर तो बाद. खेळाडूला अशी चाचणी नाही. मुलांना कोचिंग करायचं असेल तर डीबीएसची, म्हणजे जुन्या गुन्ह्यांची नोंद बघणारी सरकारी तपासणी आहे, बंदीची यादी आहे, तिथे तो अडकेल, अडकलाच पाहिजे. पण पहिल्या संघात शनिवारी ९० मिनिटं खेळणं हे मुलांबरोबरचं काम धरत नाहीत.

आणि इथेच मला क्लबांचा राग येतो. कारण लीग टूमधला खेळाडू फक्त ९० मिनिटं खेळत नाही. तो शाळेत जातो, बक्षिसं वाटतो, उन्हाळी कॅम्पला येतो, मॅचआधी लहान मुलाचा हात धरून मैदानात येतो. आणि १६-१७ वर्षांची शिकाऊ पोरं त्याच्याच ड्रेसिंग रूममध्ये कपडे बदलतात, त्याच बसमध्ये बसतात. कागदावर हे मुलांबरोबरचं काम नाही, प्रत्यक्षात आहे. ही फट कोणी बुजवायची तर क्लबने, आणि तीही खेळाडू घेण्याआधी लेखी.

मग परत येतील का असले खेळाडू? येतात. मार्लन किंगला ऑक्टोबर २००९ मध्ये लैंगिक हल्ला आणि मारहाणीत १८ महिन्यांची शिक्षा झाली, विगनने करार लगेच रद्द केला, आणि सुटल्यावर २०१० मध्येच तो कोव्हेंट्रीकडून खेळायला लागला, नंतर बर्मिंगहॅमकडून. फार आरडाओरडा झाला नाही. चेड एव्हान्सच्या वेळी मात्र देश ढवळून निघाला. तो शेफील्ड युनायटेडचा, तेव्हा लीग वनमध्ये, म्हणजे लीग टूच्या एक पायरी वर, २०११-१२ च्या सीझनमध्ये ३५ गोल केलेला. एप्रिल २०१२ मध्ये दोषी ठरला, ५ वर्षं. ऑक्टोबर २०१४ मध्ये निम्मी भोगून सुटला, याला परत घेऊ नका म्हणून दीड लाखाच्या वर सह्यांचा अर्ज आला, क्लबने नुसतं सरावाला येऊ दिलं तर क्लबच्या काही मानद पदाधिकाऱ्यांनी पदं सोडली, ऑलिम्पिक विजेती जेसिका एनिस-हिल म्हणाली याला करार दिलात तर स्टँडवरचं माझं नाव काढा. क्लब मागे हटला. मग ओल्डहॅम घेणार होता, स्पॉन्सर बिथरले, स्टाफला धमक्या आल्या, तेही बारगळलं. पुढचं पण सांगितलंच पाहिजे, नाहीतर अन्याय होईल: एप्रिल २०१६ मध्ये अपील कोर्टाने ती शिक्षा रद्द केली, फेरखटला झाला आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये ज्युरीने त्याला निर्दोष सोडलं. म्हणजे आज तो दोषी नाही, आणि त्याचं नाव गुन्हेगारांच्या यादीत घेणं चूक आहे. मी त्याचं उदाहरण देते ते क्लब कसे वागले एवढ्यासाठीच.

तिसरा प्रकार स्कॉटलंडचा. डेव्हिड गुडविली. याला फौजदारी कोर्टात शिक्षा झालेली नाही, खटलाच उभा राहिला नाही. पण त्या बाईने दिवाणी दावा लावला आणि २०१७ मध्ये न्यायाधीशांनी त्याने आणि आणखी एका खेळाडूने बलात्कार केला असा निष्कर्ष काढून १ लाख पाउंड भरपाई द्यायला लावली. दिवाणीत पुराव्याची पट्टी खालची असते, जास्त शक्यता कुठल्या बाजूला एवढंच बघतात, हा फरक लक्षात ठेवा. २०२२ च्या सुरुवातीला रेथ रोव्हर्सने त्याला घेतलं. जर्सीची स्पॉन्सर असलेल्या लेखिका व्हॅल मॅकडर्मिड यांनी पैसे काढून घेतले, बायकांच्या संघाच्या कॅप्टनने राजीनामा दिला, दोन-तीन दिवसांत क्लबने माफी मागून सांगितलं की तो आमच्याकडून खेळणार नाही. पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये रॅडक्लिफ नावाच्या छोट्या क्लबने खेळवला, पठ्ठ्याने पहिल्याच मॅचला हॅटट्रिक केली, आणि क्लबने तरीही सोडला.

यातून मला दिसतं ते असं. परत येणं न येणं कोर्टात ठरत नाही, प्रोबेशनमध्येही अर्धवटच ठरतं. ते गेटवर आणि स्पॉन्सरच्या टेबलावर ठरतं. मोठ्या क्लबला चार सपोर्टर गेले तर फरक पडत नाही, तुमच्या क्लबला पडतो. तुमच्यासारख्या दोनशे सीझन तिकीटवाल्यांचं पत्र आणि गावातल्या टाइल्सच्या दुकानदाराची जाहिरात यावर तो क्लब उभा असतो. तेव्हा तुम्ही म्हणताय तसं "आपण काय करणार" असं काही नाही.

माझं स्वतःचं मत विचाराल तर ते तुमच्या दोन्ही तटांना आवडणार नाही. सुटलेल्या माणसाला काम मिळावं असं मला मनापासून वाटतं, दया म्हणून नव्हे. घर, काम, रोजचा दिनक्रम असलेला माणूस पुन्हा गुन्हा करण्याची शक्यता कमी असते, हे आमच्या धंद्यातलं जुनं शहाणपण आहे आणि ते अजून टिकून आहे. बाकीचं बरंच टिकलं नाही. तुरुंगात वर्षानुवर्षं चाललेला लैंगिक गुन्हेगारांचा मोठा कोर्स होता, त्यात माणसाला आपला गुन्हा तपशिलात कबूल करायला लावायचे. २०१७ मध्ये न्याय मंत्रालयाचाच अभ्यास आला, कोर्स केलेल्यांपैकी १० टक्क्यांनी पुन्हा लैंगिक गुन्हा केला होता, न केलेल्यांपैकी ८ टक्क्यांनी. कोर्स बंद केला, नवे आणले. त्यामुळे "आधी कबूल कर, माफी माग, मग खेळ" असं जे लोक म्हणतात त्यात मला फार अर्थ वाटत नाही, माफीवरून धोका मोजता येत नाही, मी अतिशय सुंदर माफी मागणारे फार बघितलेत. पण काम मिळणं वेगळं आणि पाच हजार लोकांनी नाव घेऊन गाणं म्हणणं वेगळं. गोदामात कोणी तुमच्या नावाचं गाणं म्हणत नाही. आणि ते गाणं त्याच गावात राहणाऱ्या एका बाईच्या खिडकीतून ऐकू जातं.

तिच्याबद्दल तुमच्या पोस्टमध्ये एक ओळही नाही, दादा, राग मानू नका, कोणाच्याच पोस्टमध्ये नसते. पण व्यवस्थेत तिला जागा आहे. १२ महिने किंवा जास्त शिक्षा झालेल्या अशा गुन्ह्यात पीडितेला एक संपर्क अधिकारी देतात, सुटकेची वेळ आली की तिला कळवतात, आणि ती लायसन्समध्ये अटी मागू शकते, संपर्क करू नये, अमुक भागात येऊ नये. ही बंदीची हद्द आम्ही खरोखर नकाशावर काढतो, रस्त्यांच्या नावासकट, तिचं घर, तिची नोकरी, आईचं घर, मुलं असतील तर शाळा. आता छोट्या गावात स्टेडियम असतं कुठे? मधोमध, सुपरमार्केटच्या शेजारी. तिने ती हद्द मागितली आणि मंजूर झाली तर तो होम मॅचलाच येऊ शकणार नाही. म्हणून "परत इथेच खेळेल का" याचं उत्तर काही प्रमाणात तिच्या हातात असू शकतं, आणि ते तुम्हाआम्हाला कधी कळणार नाही, कळूही नये.

यावरून ग्रुपचं. "अडकवलं" म्हणणाऱ्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. मी मूळची कोल्हापूरची, शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या संघांची मॅच बघत मोठी झालेली, पेठेचा खेळाडू म्हणजे घरचा पोरगा हे मला कोणी शिकवायला नको. पण १२ जणांच्या ज्युरीने सगळा पुरावा ऐकून, आमची खात्री आहे असं म्हटल्यावरच दोषी ठरतो, आणि शंका असेल तर त्याला अपिलाचा रस्ता आहे, एव्हान्सने तोच वापरला. व्हॉट्सॲप हे अपील कोर्ट नाही. आणि एक गोष्ट फार गांभीर्याने घ्या: पीडितेचं नाव इथे जन्मभर गुप्त असतं, नुसतं नाव नाही, तिची ओळख पटेल असं काहीही. एव्हान्सच्या पहिल्या निकालानंतर ट्विटर-फेसबुकवर नाव टाकणाऱ्या ९ जणांना २०१२ मध्ये कोर्टाने प्रत्येकी ६२४ पाउंड भरपाई द्यायला लावली, त्यांच्यातल्या काहींनी सांगितलं आम्हाला हा गुन्हा आहे हे माहीतच नव्हतं. आणि तिच्या वडिलांनी नंतर सांगितलं की तिला नाव बदलून पुन्हा पुन्हा घर बदलावं लागलं. तेव्हा ग्रुपमध्ये कोणी "ती अमक्याच्या दुकानात कामाला होती ना" असं लिहिलं असेल तर ॲडमिनला सांगून काढायला लावा, आणि तुम्ही पुढे पाठवू नका, भारतातल्या मित्रांनाही नको, तिथेही भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली हा गुन्हाच आहे.

इथपर्यंतचं एका दमात: केस चालू असताना खेळवायचं की नाही हे क्लबच्या हातात होतं, सुटका झाली तरी बरीच वर्षं दोरी लांब नसते, खेळण्यावर बंदी मात्र कुठे नाही, आणि लहान मुलांच्या आसपासची फट क्लबनेच बुजवायची असते.

आता मुलगा. १४ वर्षांच्या पोराला हे कळलेलं असतं, शाळेत तुमच्याआधी कळलेलं असतं, आणि तिथे त्यावर जोक पण होऊन गेलेले असतात. त्यामुळे बसवून भाषण नको. गाडीत बोला, गाडीत नजरेला नजर द्यावी लागत नाही, आमच्याकडे पण पोरं गाडीतच बोलायची. सरळ शब्द वापरा, "त्याने काहीतरी चुकीचं केलं" असं म्हणू नका, कारण चुकीचं म्हणजे रेड कार्डसुद्धा. त्याने बलात्कार केला असं कोर्टाने ठरवलं, म्हणजे त्या बाईची संमती नव्हती आणि असेल असं मानायला त्याला काही रास्त कारणही नव्हतं. इथल्या कायद्यात संमती म्हणजे स्वतःच्या निवडीने होकार, आणि ती निवड करण्याचं स्वातंत्र्य आणि क्षमता दोन्ही पाहिजे. क्षमता हा शब्द मुलाला समजवा, पिऊन शुद्ध नसलेली, झोपलेली मुलगी होकार देऊ शकत नाही. या वयात हे एकदा बापाच्या तोंडून ऐकलेलं असावं. आपल्या घरांमधून हे आईवर ढकलतात, ढकलू नका.

तो म्हणेल, पण तो गोल किती भारी होता. म्हणू द्या. गोल भारी होताच, तो पोराने बघितलाय, तो खोटा कशाला करायचा. त्याला खेळाडू आवडला याची लाज वाटायला लावलीत तर पुढच्या वेळी तो तुमच्याशी बोलणार नाही. जर्सीचं त्याचं त्याला ठरवू द्या. नाव काढून मिळतं, काही क्लब अशा वेळी जर्सी बदलूनही देतात, विचारून बघा. त्याला घालायचीच असेल तर एवढंच विचारा की स्टँडमध्ये तुझ्या मागे बसलेल्या बाईला ते नाव बघून काय वाटेल, आणि मग गप्प बसा.

ट्रेनिंग बंद करू का असं शेवटी विचारलंत. माझ्या मते लगेच नको, आधी विचारा. हे काही प्रश्न मी लिहिले असते: पोलिसांनी क्लबला कधी कळवलं आणि त्यानंतर त्या खेळाडूला शाळाभेटी, कॅम्प, मुलांचे कार्यक्रम यांतून लगेच बाजूला काढलं होतं का. त्या काळात ट्रस्टच्या मुलांबरोबर त्याचा संपर्क आला होता का, आला असेल तर त्या पालकांशी कोणी बोललं का. स्थानिक काउन्सिलमध्ये मुलांबरोबर काम करणाऱ्यांवरचे आरोप बघणारा अधिकारी असतो, त्याला कळवलं होतं का. १६-१७ च्या शिकाऊ मुलांचं काय केलं. आणि पुढे, गंभीर गुन्ह्यात चार्ज लागलेल्या किंवा शिक्षा झालेल्या खेळाडूबद्दल क्लबचं लेखी धोरण आहे का, नसेल तर कधी होणार. काही उत्तरं ते कायद्यामुळे देऊ शकणार नाहीत, एखाद्या माणसाची माहिती ते उघड करणार नाहीत आणि तेही बरोबरच आहे. पण धोरण काय आहे हे सांगायला कुठलाच कायदा आडवा येत नाही. "आम्ही सेफगार्डिंग गांभीर्याने घेतो" एवढंच छापील उत्तर आलं तर मी पोराला दुसरीकडे नेईन. नीट उत्तर आलं, माणसाने फोन उचलला, वेळ दिला, तर तो क्लब इतरांपेक्षा बराच बरा असं समजा.

ईमेल तिकीट ऑफिसला पाठवू नका, तिथे ते हरवतं. क्लबच्या वेबसाइटवर सेफगार्डिंगच्या मुख्य अधिकाऱ्याचं नाव असतं, थेट त्यांना, कॉपी सपोर्टर्स ट्रस्टला. दोन-तीन आठवड्यांत काही आलं नाही तर एफएच्या, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेच्या, सेफगार्डिंग टीमला. आणि हे सगळं चालू असताना मुलाने स्वतःबद्दल किंवा एखाद्या मित्राबद्दल काही सांगितलं, कितीही बारीक, तर क्लबच्या उत्तराची वाट बघू नका, एनएसपीसीसी या मुलांच्या सुरक्षेसाठीच्या संस्थेला ०८०८ ८०० ५००० वर फोन करा, नाव न सांगताही बोलता येतं.